बीसीएल-२ घराण्यातील भाऊबंदकी आणि पेशीची पानगळ

सागपान (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यात आमच्या आवारातल्या देशी बदामाची एक फांदी वादळात मोडली आणि सालीच्या आधाराने झाडाला तशीच लोंबत राहिली. तिच्यावरची पाने काही दिवसांत वाळून तपकिरी झाली, पण पडली नाहीत. पुढे हिवाळ्यात बाकीचे झाड लालभडक होऊन पार उघडे पडले, तरी त्या मेलेल्या फांदीवरची पाने जागची हलली नव्हती. पान गळण्यासाठी देठाच्या बुडाशी असलेल्या जिवंत पेशींना एक वेगळा थर तयार करावा लागतो आणि पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे द्रव्य विरघळवणारी विकरे स्रवावी लागतात. फांदीच मेली तर हे काम करणार कोण? पानगळ ही झाडावर ओढवलेली आपत्ती नसून झाडाने केलेले काम आहे, हे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो होतो, पण त्या फांदीने ते मला दाखवले.

हा धागा मात्र झाडांविषयी नाही. आपल्या शरीरातील पेशींच्या मरणाचा एक प्रकार असा आहे की त्याचे नावच पानगळीवरून पडले आहे. जॉन केर हे ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात उंदराच्या यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची फांदी बांधून परिणाम पाहत होते. काही भागात पेशी फुगून, फुटून, घाऊक मेलेल्या दिसत. पण इतरत्र, धडधाकट पेशींच्या मधोमध, एखाददुसरी पेशी शांतपणे आक्रसत होती, तिचे लहान लहान पुडके होत होते आणि शेजारच्या पेशी ते पुडके गिळून टाकत होत्या. अ‍ॅबर्डीनमधील अ‍ॅन्ड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांच्यासोबत केर यांनी १९७२ मध्ये या प्रकाराला ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पाने किंवा पाकळ्या गळणे असा होतो आणि तो शब्द तेथीलच ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी सुचवला होता.

प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण ५० ते ७० अब्ज पेशी अशा रीतीने जातात, असा अंदाज नेहमी दिला जातो. भ्रूणाच्या हाताला आधी वल्ह्यासारखा पंजा असतो. बोटांमधल्या पेशी मरतात तेव्हा बोटे सुटी होतात, आणि बदकाच्या पायात त्या बहुतांशी मरत नाहीत म्हणून पडदा उरतो. हे सगळे शालेय पुस्तकांतही येते. पुस्तकात येत नाही ती गोष्ट अशी की हे मरण घडवणारी प्रथिने जवळजवळ प्रत्येक पेशीत आधीपासूनच तयार असतात. पेशीला मरण्यासाठी काही नवीन मिळवावे लागत नाही, तिच्यातली धरून ठेवलेली एखादी गोष्ट फक्त सोडून द्यावी लागते. म्हणून ‘पेशी का मरते’ या प्रश्नापेक्षा ‘पेशी अजून का मेली नाही’ हा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो.

याचा पहिला स्वच्छ पुरावा एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीने दिला. सी. एलिगन्स नावाच्या या कृमीच्या उभयलिंगी प्रकारात वाढीदरम्यान १,०९० कायिक पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी, त्याच वेळी. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बसून या पेशींची वंशावळ लिहून काढली. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने नंतर असे कृमी शोधले की ज्यांच्यात त्या १३१ पेशी मरतच नव्हत्या, आणि त्यांतून सेड-३ व सेड-४ ही जनुके हाती लागली. ही दोन्ही मरण घडवणारी. पुढे सेड-९ सापडले, ते मरण अडवणारे. आणि १९९८ मध्ये ईजीएल-१, ते अडवणाऱ्याला अडवणारे. म्हणजे सेड-९ ने सेड-४ ला धरून ठेवलेले असते, ईजीएल-१ येऊन सेड-९ ची पकड सोडवते, सुटलेले सेड-४ हे सेड-३ ला जागे करते आणि सेड-३ पेशीतील प्रथिने कापू लागते. सिडनी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले ते या कामासाठी.

माणसातही हीच साखळी आहे, फक्त प्रत्येक कडीच्या जागी एक आख्खे कुटुंब बसले आहे. त्यातले सर्वांत मजेदार कुटुंब बीसीएल-२ चे. घराणे एक, ठेवण सारखी, पण तीन शाखांचे एकमेकांशी उभे वैर. बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ ही रक्षण करणारी शाखा. बॅक्स आणि बॅक ही मारणारी शाखा. तिसरी शाखा म्हणजे बिम, बिड, प्यूमा, नॉक्सा, बॅड अशी छोटी चिथावणी देणारी प्रथिने, ज्यांच्यात घराण्याची फक्त एक खूण शिल्लक असते, जणू आडनाव तेवढे राहिले. डीएनए तुटला, वाढीचा संदेश थांबला, पेशी आपल्या जागेवरून सुटली, अशी प्रत्येक अडचण या तिसऱ्या शाखेतील कोणाला तरी कळते. ते जाऊन रक्षकांच्या अंगावरील एका खोबणीत घट्ट बसतात. मग रक्षकांचे हात अडकतात आणि बॅक्स व बॅक मोकळे होतात. बिमसारखी काही प्रथिने बॅक्सला थेटही डिवचतात.

मोकळे झालेले बॅक्स आणि बॅक एकत्र जमून तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) बाह्य पटलाला भोके पाडतात. त्यांतून सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन बाहेर सांडते. पेशीद्रव्यात ते अपाफ-१ नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि सात अपाफ-१ मिळून सात आऱ्यांचे एक चाक तयार होते. त्या चाकावर कॅस्पेज-९ हे प्रथिने कापणारे विकर जागे होते, ते कॅस्पेज-३ ला जागे करते, आणि मग शेकडो प्रथिने ठरावीक जागी कापली जातात. हे चाक जुळायला एटीपीसारखे ऊर्जेचे रेणू लागतात. १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवले की पेशीतील एटीपी आधीच संपवून टाकले आणि नंतर तोच मरणाचा इशारा दिला, तर पेशी नीट घडी घालून मरत नाही, ती फुगून फुटते. माझ्या बदामाच्या फांदीचेही हेच झाले होते.

शंकासुर

सागपान सर, लेख आवडला, पण दोन शंका आहेत आणि नाव सार्थ करण्यासाठी त्या मांडतो. पहिली अशी की सायटोक्रोम-सी हे श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन आहे, त्याच्याशिवाय पेशी जगूच शकत नाही. ज्याच्यावर जगणे अवलंबून आहे त्याच्याच हाती मरणाची किल्ली देण्यात कोणते शहाणपण आहे? दुसरी शंका भाषेची आहे. मराठी वृत्तपत्रे याला सर्रास ‘पेशींची आत्महत्या’ म्हणतात. आपण तो शब्द एकदाही वापरला नाही, तो जाणूनबुजून टाळला का?

सागपान

शंकासुर, आधी दुसरी शंका घेतो. होय, जाणूनबुजून टाळला. आत्महत्या म्हटले की निराशा आली, इच्छा आली, एकटेपणा आला. येथे यांतले काहीच नाही. उलट मार्टिन रॅफ यांनी १९९२ मध्ये मांडल्याप्रमाणे आपल्या बहुतेक पेशींना जगत राहण्यासाठी शेजारच्या पेशींकडून सतत संदेश यावे लागतात आणि ते थांबले की त्या मरतात. मोठ्या खटल्याच्या घरात कोणाला कधी जेवायला वाढायचे हे जसे कोणी एकटा ठरवत नाही, तसे पेशीचे जगणे-मरणे तिच्या एकटीच्या हातात नसते. मी वर्गात ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणत असे. तो शब्द काटेकोर आहे, पण रूक्ष आहे. ‘पेशीगळ’ म्हणावे असे कधी कधी वाटते. कोणाला आणखी चांगला शब्द सुचला तर येथे जरूर लिहावा.

आता पहिली शंका, जी शियाओदोंग वांग यांच्या गटाने १९९६ मध्ये हा शोध जाहीर केला तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनाही आली होती. कॅस्पेज जागे करणारा घटक शोधताना ते एकामागून एक प्रथिने वेगळी करत गेले आणि शेवटी हाती आले ते पाठ्यपुस्तकातले जुनेपुराणे सायटोक्रोम-सी. बहुतेकांना वाटले की नमुन्यात भेसळ झाली असावी. पण माझ्या मते निवड अतिशय तर्कशुद्ध आहे. हे प्रथिन निरोगी पेशीत तंतुकणिकेच्या दोन पटलांच्या मध्येच असते, बाहेर कधी दिसत नाही. म्हणून ते पेशीद्रव्यात दिसणे हाच निःसंदिग्ध पुरावा ठरतो की तंतुकणिका फुटली आहे. निरोपासाठी वेगळा माणूस ठेवावा लागत नाही. घरातला माणूस अवेळी रस्त्यावर दिसला की गावाला कळते.

त्याची दोन्ही कामे मात्र वेगवेगळी आहेत, हेही सिद्ध झाले आहे. २००५ मध्ये सायटोक्रोम-सी मधील ७२ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांचे श्वसन व्यवस्थित चालत होते, पण ते प्रथिन अपाफ-१ ला जागे करू शकत नव्हते आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मेंदूची वाढ बिघडली, कारण मरायला हव्या होत्या त्या चेतापेशी मेल्या नाहीत.

काचपट्टी

मी विकृतिशास्त्रज्ञ आहे आणि हे मरण रोज भिंगाखाली पाहते, म्हणून थोडी भर घालते.

लसीकाग्रंथी संसर्गामुळे सुजली असेल तर तिच्यातल्या गोल केंद्रांमध्ये बी-पेशी झपाट्याने विभागतात आणि तितक्याच झपाट्याने मरतात, कारण ज्यांचे प्रतिपिंड नीट जुळत नाहीत त्या ठेवायच्या नसतात. काचपट्टीवर तेथे मोठ्या, फिकट भक्षकपेशी दिसतात आणि त्यांच्या पोटात मेलेल्या पेशींच्या केंद्रकांचे गडद ठिपके दिसतात. आजूबाजूला दाहाचा मागमूस नसतो. मरणारी पेशी आपल्या पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेदरेणू बाहेरच्या बाजूला आणते आणि भक्षकपेशीला तीच खूण पुरते. जपानच्या शिगेकाझू नागाता यांनी हे काम करणारे प्रथिन ओळखले. कॅस्पेजने त्याला कापले की ते रेणूंची अदलाबदल सुरू करते. डीएनएचे तुकडे करणारे विकरही त्यांनीच शोधले. त्या विकराला एक प्रथिन सतत अडवून धरते आणि कॅस्पेज ते अडवणारे प्रथिन कापते. सर, आपण म्हणता ती ‘धरून ठेवलेली गोष्ट सोडण्याची’ पद्धत येथेही आहेच.

आता फॉलिक्युलर लिम्फोमा नावाचा कर्करोग घ्या. त्यातही अशीच गोल केंद्रे दिसतात, पण ती संथ असतात आणि त्यांच्यात त्या ठिपकेदार भक्षकपेशी जवळजवळ नसतात. कोणी मरतच नाही, मग गिळणार काय? शंका असेल तर आम्ही बीसीएल-२ साठी रंगकाम करतो. साध्या सुजेत केंद्रातील बी-पेशींवर रंग चढत नाही, कारण त्यांनी मरण सोपे व्हावे म्हणून बीसीएल-२ जवळपास बंद केलेले असते. लिम्फोमात बहुतेक वेळा तेच केंद्र गडद तपकिरी दिसते. या रोगात १८ व्या गुणसूत्रावरील बीसीएल-२ चे जनुक तुटून १४ व्या गुणसूत्रावर, प्रतिपिंड बनवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसलेले असते. तेथील स्विच बी-पेशीत कायम चालू असल्याने बीसीएल-२ चाही पूर वाहू लागतो.

हे जनुक १९८० च्या दशकाच्या मध्याला सापडले तेव्हा सर्वांचा समज असा होता की कर्करोगाचे जनुक म्हणजे पेशीला भरभर विभागायला लावणारे जनुक. मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ, सुझॅन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी १९८८ मध्ये दाखवले की बीसीएल-२ दिलेल्या पेशींचे वाढीचे पोषक द्रव्य काढून घेतले, तर त्या विभागत नाहीत, पण मरतही नाहीत, नुसत्या बसून राहतात. कर्करोग केवळ जास्त जन्मांनी होत नाही, थांबलेल्या मृत्यूंनीही होतो, हे तेव्हा प्रथम कळले. पुढे १९९२ मध्ये वॉ आणि सहकाऱ्यांनी माणसाचे बीसीएल-२ सूत्रकृमीत घातले आणि तेथेही पेशींचे मरण थांबले. माणूस आणि कृमी यांची वाट वेगळी होऊन कोट्यवधी वर्षे झाली, तरी एकाचे कुलूप दुसऱ्याच्या दाराला लागले.

उपवासाचा चिवडा

अतिशय उत्तम धागा. थोडा बाळबोध प्रश्न विचारतो. आषाढी एकादशीच्या सुमारास दर वर्षी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश फिरतो की उपवास केला की शरीरातील खराब पेशी स्वतःला खाऊन टाकतात आणि या शोधाला जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले आहे. आपण ज्याविषयी लिहिले ते हेच का?

सागपान

प्रश्न बाळबोध मुळीच नाही, आणि संदेशातील नोबेल खरे आहे. योशिनोरी ओसुमी यांना ते २०१६ मध्ये ‘ऑटोफॅजी’वरील कामासाठी मिळाले. पण ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपल्याच आतले जुने, मोडके भाग पटलात गुंडाळून पचवणे आणि त्यातून कच्चा माल मिळवणे. उपासमारीत पेशी ती वाढवते, ती मरण्यासाठी नव्हे तर तग धरण्यासाठी. घरात धान्य संपले म्हणून अडगळीची रद्दी विकून चार दिवस काढणे वेगळे आणि घर सोडून जाणे वेगळे. ओसुमी यांचे मूळ प्रयोग यीस्टवरचे आहेत; माणसाने एक दिवस साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याने काय होते हा त्यांचा विषय नव्हता. (आमच्याकडील उपवासाच्या ताटाला उपासमार म्हणणे हे तर धाडसच आहे.)

दोन्ही यंत्रणांमध्ये एक दुवा मात्र नक्की आहे आणि तो याच घराण्यातून जातो. ऑटोफॅजी सुरू करण्यात भाग घेणारे बेक्लिन-१ हे प्रथिन मुळात बीसीएल-२ ला चिकटणारे प्रथिन म्हणूनच १९९८ मध्ये सापडले. बीसीएल-२ त्यालाही धरून ठेवते. म्हणजे एकच रक्षक दोन दारांवर उभा आहे.

घाटमाथा

मी येथे क्वचितच लिहितो, पण हा धागा पाहून राहवले नाही. माझ्या वडिलांना जुनाट लिम्फोसायटिक ल्यूकेमिया आहे आणि गेल्या महिन्यापासून त्यांना व्हेनेटोक्लॅक्स नावाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितले की हे औषध बीसीएल-२ वर काम करते. पहिल्या आठवड्यात रोज फक्त २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० असे दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० मिलिग्रॅम. आरंभी भरपूर पाणी प्यायला लावले आणि पोटॅशियम, युरिक आम्ल यांच्या तपासण्या वारंवार केल्या. अहवालात ‘१७-पी भाग गहाळ’ असेही लिहिले होते आणि त्यामुळे नेहमीची केमोथेरपी उपयोगी पडणार नाही असे सांगण्यात आले. औषध चालू आहे, तक्रार काही नाही. पण एवढी सावधगिरी का आणि १७-पी चा संबंध काय, हे आम्हाला नीट समजलेले नाही. उपचारांविषयी सल्ला नको आहे, फक्त समजून घ्यायचे आहे.

काचपट्टी

घाटमाथा, उपचारांबाबतचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. मी फक्त यंत्रणा सांगते.

१७ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर, म्हणजे १७-पी वर, पी-५३ या प्रथिनाचे जनुक असते. डीएनएला इजा झाली की पी-५३ साचू लागते. इजा दुरुस्त होण्याजोगी असेल तर ते पेशीचे विभाजन थांबवते, नसेल तर ते प्यूमा आणि नॉक्सा यांची जनुके चालू करते, म्हणजे चिथावणी देणाऱ्यांना कामावर पाठवते. उन्हाने त्वचा भाजली की काही पेशी अशाच मरतात आणि ते आपल्या भल्याचेच असते, कारण त्यांच्यातील डीएनए बिघडलेला असतो. हत्तींमध्ये पी-५३ च्या जनुकाच्या सुमारे २० प्रती असतात, असे २०१५ मध्ये दिसून आले. एवढ्या अवाढव्य देहात कर्करोग कमी का, याचे एक उत्तर तेथे शोधले जाते.

जुन्या पद्धतीची बरीच औषधे कर्करोगपेशीचा डीएनए तोडतात आणि पुढचे काम पी-५३ वर सोडतात. पण ज्या पेशींत १७-पी चा तो भागच नाही आणि उरलेली प्रतही बहुधा बिघडलेली असते, तेथे डीएनए तुटला तरी वर्दी देणारा कोणी नसतो. पेशी तुटक्या डीएनएसह जगत राहते. व्हेनेटोक्लॅक्स वर्दी देण्याच्या भानगडीत पडत नाही. ते स्वतःच चिथावणी देणाऱ्या प्रथिनाचे सोंग घेऊन बीसीएल-२ च्या खोबणीत जाऊन बसते. या ल्यूकेमियाच्या पेशींत बीसीएल-२ ने आधीच भरपूर बिम पकडून ठेवलेले असते, म्हणजे त्या मरणाच्या अगदी उंबरठ्यावर असतात आणि केवळ त्या पकडीमुळे जगत असतात. पकड सुटली की काही तासांत त्या मरू लागतात. अमेरिकेत २०१६ मध्ये या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती नेमकी १७-पी गहाळ असलेल्या रुग्णांसाठीच.

सावधगिरीचे कारणही यातच आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत जास्त मात्रेने इतक्या पेशी एकदम मेल्या की त्यांच्यातील पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल रक्तात येऊन हृदय आणि मूत्रपिंडे धोक्यात आली. भक्षकपेशी कितीही कार्यक्षम असल्या तरी एका रात्रीत आख्ख्या गावाचा कचरा उचलणार कशा? म्हणून मात्रा पायरीपायरीने वाढवतात.

शंकासुर

काचपट्टी ताई, खोबणीची गोष्ट वाचून पुन्हा एक शंका आली. रक्षकांची खोबण भरणे इतके सोपे आहे, आणि मारणारी प्रथिनेही हाताशी आहेत, तर विषाणूंनी याचा फायदा घेतला नाही का? पेशीत शिरून आपल्या प्रती काढायच्या असतील तर पेशीने मध्येच मरू नये हे त्यांच्या हिताचे आहे.

सागपान

घेतला आहे, आणि भरपूर घेतला आहे. अ‍ॅडिनोव्हायरसकडे बीसीएल-२ सारखे वागणारे स्वतःचे प्रथिन आहे. कीटकांना होणाऱ्या बॅक्युलोव्हायरसकडे पी-३५ आहे, ते कॅस्पेजच्या कातरीत अडकून बसते. कॅस्पेजला अडवणाऱ्या प्रथिनांचे एक आख्खे कुळ आधी याच विषाणूत सापडले आणि नंतर माणसात. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांमधील ई-६ प्रथिन पी-५३ ला पेशीच्या कचरापेटीकडे पाठवते. त्याला ते करावेच लागते, कारण त्याचे भावंड ई-७ पेशीला बळेच विभागायला लावते आणि एरवी पी-५३ ने अशा पेशीला लगेच संपवले असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ येथे आहे. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषाणूची एकदाच केलेली चाचणीही त्या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या कमी करते, असे त्यातून दिसले.

पेशीनेही उत्तर शोधून ठेवले आहे. मरणाचा इशारा बाहेरून, पटलावरील संदेश टिपणाऱ्या ग्राहक प्रथिनांमार्फत (रिसेप्टर) आला तर कॅस्पेज-८ जागे होते. एखाद्या विषाणूने ते बंद पाडले तर आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही दुसरी जोडी पुढे येते आणि पेशीपटल फोडूनच टाकते. हे मरण गोंगाटाचे असते, दाह होतो, प्रतिकारशक्ती धावून येते. एरवी या जोडीला कॅस्पेज-८ नेच दाबून धरलेले असते. कॅस्पेज-८ नसलेले उंदीर गर्भातच मरतात, पण सोबत आरआयपीके-३ ही काढून टाकले तर जन्माला येतात, हे २०११ मध्ये दाखवले गेले.

मला सर्वांत जास्त पटलेला प्रयोग मात्र याच्याही आधीचा, २००१ चा, मेलबर्नचाच आहे. बीसीएल-२ काढून टाकलेल्या उंदरांची मूत्रपिंडे खराब होतात, पांढऱ्या पेशी घटतात आणि केस अकाली पिकतात. वाटते की बीसीएल-२ हे मूत्रपिंडासाठी, केसांसाठी काहीतरी करत असावे. त्या संशोधकांनी याच उंदरांमधून बिमची एक प्रत काढली, तर मूत्रपिंडे वाचली. दुसरीही काढली, तर केसही काळे राहिले. बीसीएल-२ तेथे काहीही घडवत नव्हते. ते फक्त बिमला धरून बसले होते. धरायला कोणी उरले नाही तेव्हा धरणाऱ्याचीही गरज उरली नाही.

घाटमाथा

काचपट्टी ताई आणि सागपान सर, मनापासून आभार. वडिलांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. ते आयुष्यभर गणित शिकवत होते. त्यांनी लगेच विचारले की रक्षक तीन-चार आहेत तर औषध एकाच्याच खोबणीत का बसवले, सर्वांच्या का नाही? मला उत्तर देता आले नाही.

काचपट्टी

गुरुजींचा प्रश्न नेमका आहे, आणि तसा प्रयत्न आधी झालाही होता. व्हेनेटोक्लॅक्सच्या आधीचे नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल अशा दोघांनाही अडवत असे. कर्करोगपेशी मरत होत्या, पण रुग्णांच्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, झपाट्याने उतरू लागल्या. कारण २००७ मध्ये सापडले होते. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवीन प्रथिने फारशी बनवता येत नाहीत. अस्थिमज्जेतून निघताना जी शिदोरी मिळते तीच. त्या शिदोरीत बॅक असते आणि त्याला धरून ठेवणारे बीसीएल-एक्सएलही असते, पण बीसीएल-एक्सएल बॅकपेक्षा लवकर झिजते. साधारण आठ-दहा दिवसांत ते इतके कमी होते की बॅक सुटते आणि प्लेटलेटचा शेवट होतो. नॅव्हिटोक्लॅक्सने हे घड्याळ एकदम पुढे सरकवले. म्हणून औषधाची रचना पुन्हा बदलून ते केवळ बीसीएल-२ च्या खोबणीत बसेल आणि बीसीएल-एक्सएलला जवळजवळ शिवणार नाही असे केले गेले.

घाटमाथा

हेही वाचून दाखवले. बाबांनी कालचा रक्ताचा अहवाल मागून घेतला, चष्मा लावला आणि आधी प्लेटलेटचा आकडा पाहिला. तो गेल्या महिन्याइतकाच आहे. पांढऱ्या पेशी मात्र बऱ्याच उतरल्या आहेत. सोमवारपासून ४०० मिलिग्रॅम.